पालथी नाव

"चर्चचं मला सांगू नका, मी चर्चमध्येच वाढलोय," हे वाक्य मी आजवर बऱ्याच ठिकाणी फेकलं आहे आणि दर वेळी ते फिरून माझ्याच कपाळावर येऊन आदळलं आहे. तसं पाहिलं तर ते खोटं नाही. वसईत आमचं घर देवळाला इतकं लागून होतं (आम्ही ख्रिस्ती लोक तिकडे चर्चला देऊळच म्हणतो) की सकाळची घंटा सुरू झाली की आमच्या फडताळातल्या कपबश्या वाजायच्या. पण शेजारी राहिल्याने अक्कल येत असती तर मी काही वर्षं विमानतळाजवळही राहिलोय, मला विमान चालवता यायला हवं होतं. अर्थात हे शहाणपण आताचं. त्या डिसेंबरात ते माझ्याजवळ नव्हतं.

मी राहायला दुबईत, करामाला, आणि नोकरीला शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका वर्कशॉपमध्ये. आम्ही प्रदर्शनांचे स्टॉल, मॉलमधले देखावे, लग्नाची स्टेजं असलं काय काय बनवतो. माझ्या कार्डावर 'क्लायंट कोऑर्डिनेटर' असं छापलेलं आहे. म्हणजे गिऱ्हाईक जे सांगतं ते ऐकायचं आणि सुतारांना भलतंच काहीतरी सांगायचं. सुतारांचे मुकादम चाचा. रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे, बापजाद्यांपासून होड्या बांधणारे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अरबी समुद्रावर आज जे काही लाकडाचं तरंगतंय ते त्यांच्या खानदानाने ठोकलेलं आहे, आणि जे बुडालं ते दुसऱ्या कोणीतरी. ते मला 'वसईकर' म्हणतात, आणि त्यात कौतुक अजिबात नसतं.

तर एका दुपारी अल ऐनहून एका इंग्रज बाईंचा फोन आला. त्या तिथे विद्यापीठात शिकवतात. त्यांना वडिलांसाठी एका चर्चचं मॉडेल करून हवं होतं, चांगलं जेवणाच्या टेबलाएवढं. इंग्लंडमधलं बारकंसं खेडं आणि त्यातलं जुनं दगडी चर्च. शाळामास्तरकी संपल्यापासून वडील त्या चर्चच्या किल्ल्या सांभाळायचे, येईल त्या पाहुण्याला आत नेऊन दगड न् दगड समजावून सांगायचे. चार दिवस लेकीकडे म्हणून इकडे आले आणि बाथरूममध्ये घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं.

"हाड जुळलंय," बाई म्हणाल्या, "पण ते खुर्चीतून उठतच नाहीत. डॉक्टर म्हणतात, चाला. ते म्हणतात, कुठे जायला? ते चालायला लागले तर वसंतात मला त्यांना घरी पोचवता येईल. चर्चच्या शेजारीच घर आहे त्यांचं. नाही चालले, तर ते घर विकून त्यांना कायमचं इथे ठेवून घ्यावं लागेल. हे त्यांना कळतंय. म्हणूनच बहुतेक आता बोलणंही सोडलंय त्यांनी."

माझी एक खोड आहे, मन भरून आलं की डोकं रिकामं होतं.

"मॅडम," मी म्हटलं, "चर्चचं मला सांगू नका. मी चर्चमध्येच वाढलोय."

त्यांनी मोबाईलवर एक फोटो पाठवला. आईवडिलांच्या लग्नाचा, काळा-पांढरा. त्यात आई होती, वडील होते, आईची हॅट होती, एक भलंमोठं झाड होतं आणि या सगळ्यांच्या मागे जी जागा उरली तिथे थोडंसं चर्च होतं. "बाकीचं मी सांगते," म्हणून त्या चर्चचे भाग सांगू लागल्या आणि नेमकं त्याच क्षणी माझ्या मागे चाचांनी करवतीचं मशीन सुरू केलं. बाई तिकडून म्हणत होत्या की आधी टॉवर, मग नेव्ह, तिच्यामागे चॅन्सल, बाहेर लिचगेट. मला ऐकू आलं ते असं: टॉवर, नाव, मागचं कॅन्सल, बाहेर लिची गेट.

आता कोणी म्हणेल, पुन्हा विचारायचं. पण आखातात राहणाऱ्याच्या कानाला 'कॅन्सल' हा शब्द कुठल्याही आवाजातून आरपार ऐकू येतो. व्हिसा कॅन्सल, सुट्टी कॅन्सल, फ्लाइट कॅन्सल. तो ऐकल्यावर माणूस उलट विचारत नाही. मुकाट खाली मान घालतो.

मी चाचांकडे गेलो. "चाचा, चर्च करायचंय. टॉवर, मधे नाव, मागचा भाग कॅन्सल."

चाचांनी कानावरची पेन्सिल काढली. "देवळात नाव? ती कशाला?"

खरं तर हा प्रश्न मलाही पडला होता. पण गिऱ्हाइकाला काय हवंय हे मला ठाऊक नाही, असं चाचांसमोर कबूल करणं म्हणजे वर्षभराची टिंगल ओढवून घेणं.

"चाचा, इंग्लंड म्हणजे काय? बेट. चारी बाजूंनी पाणी. सगळी दर्यावर्दी माणसं. आमच्याकडे नाही का, फादर होड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात? तसंच. फक्त तिकडे पाऊस जास्त, म्हणून होडी आत घेतात."

"पाऊस लागतो म्हनून होडी आत? होडीला पाऊस लागतो?"

"थंडीपण असते तिकडे."

चाचा पेन्सिल पुन्हा कानावर ठेवून म्हणाले, "बरा. नाव ना? होऊन जायल." त्यांचा चेहरा मात्र असा उजळला होता की काय सांगू! इतकी वर्षं मॉलसाठी प्लायवूडचे उंट आणि थर्माकोलचे किल्ले करून त्यांचे हात गंजले होते. पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्याकडे होडी मागितली होती.

घरी मी हे अभिमानाने सांगितलं. बायको भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "तू ते चर्च बघितलंस का नीट? मोबाईल आहे ना खिशात?"

"अगं, मी चर्चमध्ये..."

"तू चर्चमध्ये नाही वाढलास. चर्चच्या बाहेर वाढलास. प्रवचन सुरू झालं की तू मागच्या दाराने चणे खायला सटकायचास. माझी आई बघायची. लग्न ठरताना बोललीसुद्धा होती ती."

"पप्पा, डू यू वॉन्ट मी टू गूगल इट?" आमची लेक कानातले इअरफोन न काढता म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर द्यायची वेळ आली की ती लंडनला जाते.

"गरज नाही," मी म्हटलं. हे दोन शब्द माझ्या थडग्यावर कोरायला हरकत नाही.

पुढचे काही आठवडे मी वर्कशॉपमध्ये उभा राहून सूचना देत होतो. फोटोत टॉवर एकच दिसत होता. पण आमच्या तिकडच्या देवळाला दोन आहेत, म्हणजे दुसरा आईच्या हॅटमागे असणार, असा मी निष्कर्ष काढला. फोटो काळा-पांढरा, त्यामुळे रंग कळायला मार्ग नव्हता. आमच्या देवळासारखा पांढराशुभ्र चुना आणि निळ्या पट्ट्या मारून घेतल्या. झाडाचं नुसतं खोड आणि काळोख दिसत होता, आणि आमच्याकडे एका हॉटेलच्या मॉडेलमधली खजुराची झाडं उरली होती. ती लावली. लिची गेटवर मी स्वतः लाल मण्यांचे घोस चिकटवले. इतके हुबेहूब की एकदा चहाच्या वेळी चाचांनी त्यातला एक तोडून चाखला. समोर क्रूस, क्रूसापुढे बाहुल्यांचा सणाचा बँड. फक्त छप्पर काही केल्या बसेना, कारण चाचांच्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं उंच टोक, भिंतींच्या वर येत होती.

"नाळ कापूया का थोडी?" मी विचारलं.

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी त्यांचं नाक कापायला निघालो होतो. "वसईकर, देऊळ काप. होडीला हात लावायचा नाय."

शेवटी आम्ही छप्पर कॅन्सल केलं. ओपन टॉप. दुबईची हवा आहे, असं मी म्हणालो.

ख्रिसमसच्या आधीच्या शनिवारी पिकअपमध्ये चर्च चढवून मी अल ऐनच्या रस्त्याला लागलो. चाचाही आले, म्हणाले, होडी पाण्यात उतरताना बांधणाऱ्याने हजर असावंच लागतं. चर्चवर चादर बांधली होती, पण नाळ चादरीबाहेर ऐटीत निघालेली. दोन्ही बाजूंना वाळू, मधून रस्ता आणि आमची होडी. वाटेत पेट्रोल भरायला थांबलो तर पंपावरचा मलयाळी पोरगा खिडकीशी आला. "भाई, बोट किधर लेके जाता?"

"अल ऐन."

त्याने एकदा होडीकडे पाहिलं, एकदा वाळवंटाकडे. "उधर पानी किधर है?"

"इन्शाल्ला मिल जाएगा," चाचा म्हणाले आणि आम्ही निघालो.

बाईंच्या व्हिलाच्या व्हरांड्यात म्हातारबुवा चाकाच्या खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर शाल, तोंड भिंतीकडे. बाजूला चालताना धरायचा ॲल्युमिनियमचा घोडा होता. त्याच्या मुठींवरचं दुकानातलं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं आणि त्यावर एक टॉवेल वाळत घातला होता. बाईंनी आमच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं, खुर्ची फिरवली आणि चादर ओढली.

बाईंच्या हातातून चादर खाली पडली. मला वाटलं, आनंदाने.

म्हातारबुवांनी आधी उजवा टॉवर पाहिला. मग डावा. मग खजूर. मग बँड. मग त्यांची नजर चढत चढत नाळेपाशी आली आणि तिथे थांबली. त्यांचं बोलणं अर्थातच इंग्रजीत, तेही प्रत्येक शब्दाला आधी इस्त्री करून बाहेर काढल्यासारखं. मी मराठीत सांगतोय, घडी विस्कटली तर दोष माझा.

"हे काय आहे?" ते म्हणाले. बाईंनी तोंडावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज ऐकू येत होता, हे मला नंतर कळलं.

"तुमचं चर्च, सर."

"माझ्या चर्चला दोन टॉवर नाहीत. माझ्या चर्चला एकसुद्धा धड नाही! गावाने टॉवर बांधायला घेतला लोकरीच्या पैशावर. निम्म्यावर आला आणि लोकरीचे भाव पडले. म्हणून तो बुटका आहे. वर लाकडी टोपी घालून टाकली, की पैसे आले की पुढचं बांधू. अजून आले नाहीत. आणि तुम्ही दोन बांधलेत?"

"दुसरा मला वाटलं हॅटमागे..."

"माझ्या बायकोच्या हॅटमागे?"

"सर, हॅट मोठी होती."

बाईंच्या घशातून काहीतरी विचित्र आवाज आला. म्हातारबुवांनी खुर्चीची चाकं स्वतःच्या हातांनी फिरवली आणि टेबलाजवळ आले. आता ते थांबेनात. भिंती पांढऱ्या कुठून आल्या? गारगोटीचे दगड असतात, नांगरताना शेतात सापडलेले, एकेक फोडून चुन्यात बसवलेला, पाऊस पडला की काळेभोर चमकतात. हे काय, खजूर? तिथे यू नावाचं झाड आहे, चर्चपेक्षाही म्हातारं, आतून इतकं पोकळ की गावातली पोरं त्यात लपून बसतात. आणि गेटवर ही फळं कसली?

"लिची, सर. लिची गेट."

त्यांनी डोळे मिटले. "लिच म्हणजे जुन्या इंग्रजीत प्रेत. शवपेटी घेऊन आले की त्या गेटच्या छपराखाली थांबतात, पाद्री येऊन आत नेईपर्यंत. खांदेकऱ्यांना पावसात भिजायला नको म्हणून छप्पर."

मी हळूच लिचीचा एक घोस काढून खिशात घातला.

"आणि चॅन्सल कुठे आहे?"

"कॅन्सल, सर."

"काय?"

"मॅडमनीच फोनवर सांगितलं. नाव, आणि मागचं कॅन्सल."

झालं. बाई मटकन पायरीवर बसल्या आणि हसू लागल्या, अशा की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. म्हातारबुवा मात्र हसले नाहीत. ते ताठ बसले, बहुधा पाहुण्यांसमोर उभे राहून सांगायचे तेव्हा बसायचे तसे. म्हणजे, उभे राहायचे तसे बसले.

"तरुण माणसा," ते मला म्हणाले, आणि या वयात कोणी तरुण म्हटल्यावर मी शिव्या खायलाही तयार होतो. "त्या चर्चने काय काय पाहिलंय! राजाने धर्म बदलला, मूर्ती फुटल्या. भिंतींवर चित्रं होती, स्वर्गाची, नरकाची, ती चुन्याखाली गाडली. रंगीत काचा फोडल्या. एका पाद्र्याने आत कोंबड्या पाळल्या. पण चॅन्सल कॅन्सल करायची हिंमत शेकडो वर्षांत कोणाला झाली नाही. ती तुम्ही शारजातून केलीत."

"सॉरी, सर."

"चॅन्सल पाद्र्याचं. तिथे वेदी असते. त्याची डागडुजी त्याने करायची. आणि नेव्ह, म्हणजे लोक बसतात तो मधला भाग, गावाची, ती गावाने सांभाळायची. जुन्या काळी नेव्हमध्ये गावजेवणं व्हायची, बिअर प्यायची माणसं, कुत्री फिरायची, भांडणं मिटायची. म्हणून आमच्या नेव्हचं छप्पर कधी गळलं नाही आणि चॅन्सलचं कायम गळायचं." ते थांबले. नाळेकडे बोट केलं. "आणि ही होडी?"

आता खोटं सुचेना. "सर, तीच नेव्ह. आम्ही होडीला नाव म्हणतो."

"पुन्हा म्हणा."

"नाव."

"नाव," ते म्हणाले. तो शब्द त्यांनी जिभेवर इकडून तिकडे फिरवला, गरम बटाटा फिरवतात तसा. मग एकदम त्यांचा चेहराच बदलला. "नेव्ह म्हणजे नावच! लॅटिनमध्ये नाविस. जहाज. असं सांगतात की खाली उभं राहून छताकडे पाहिलं तर पालथी होडी दिसते, म्हणून. मी किती पाहुण्यांना सांगितलंय हे! कोणालाही खरं वाटत नाही. आणि तुमच्या भाषेत अजून तोच शब्द आहे?"

"रोजच्या वापरात आहे, सर," मी म्हटलं, जणू तो मीच जपून ठेवला होता.

"मग ती सुलटी का ठेवलीत?"

चाचांना मी भाषांतर करून सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. "पालथी? होडी पालथी घालतात ती पावसाळ्यात, नायतर मानूस मेल्यावर."

"चाचा, तिकडे कायमच पावसाळा असतो."

हे त्यांना पटलं. आम्ही दोघांनी मिळून होडी बाहेर काढली, पालथी केली आणि भिंतींवर टेकवली. आणि काय सांगू तुम्हाला! ती बसली. इतके दिवस जे छप्पर बसत नव्हतं ते हेच होतं. फक्त तिरपी बसली, आणि नाळ चुकीच्या बाजूला.

"पूर्वेला!" म्हातारबुवा ओरडले. "नाळ पूर्वेला, चॅन्सलकडे!"

आम्ही फिरवली. ती अडकली. मी ओढतोय, चाचा ढकलतायत, आणि "यल्ला वसईकर, उचल, उचल" म्हणतायत. म्हातारबुवा म्हणतायत, "तसं नाही, डावीकडून." मी माझ्या डावीकडून, चाचा त्यांच्या डावीकडून. एक टॉवर निखळून बँडवर पडला. आणि मग होडीच्या कडेवर आणखी दोन हात आले. सुरकुतलेले, गोरे, निळ्या शिरांचे.

म्हातारबुवा उभे होते.

शाल खाली पडली होती. होडीच्या कडेला धरून ते एक पाऊल सरकले, मग दुसरं. चाचांनी पाहिलं आणि ते होडी आणखी हळूहळू फिरवू लागले, म्हणजे ती पकडून चालणाऱ्याला सोबत चालावं लागेल. बाई पायरीवरून उठल्या होत्या आणि माझ्याकडे बघून मान हलवत होत्या: गप्प, गप्प, काही बोलू नका. सगळ्यांना कळलं होतं काय करायचं ते.

"सर!" मी ओरडलो. "तुम्ही उभे आहात!"

त्यांनी खाली पायांकडे पाहिलं, दचकले आणि धपकन खुर्चीत बसले.

बाईंनी माझ्याकडे टाकलेली नजर मला अजून आठवते. चाचांनी डोक्याला हात लावला. "ह्याला चर्चच्या भायरच ठेवलेला बरा होता," ते पुटपुटले. माझ्या बायकोशी त्यांची अजून भेट झाली नव्हती, तरीसुद्धा.

पण म्हातारबुवा भिंतीकडे वळले नाहीत. ते धापा टाकत होडीकडेच बघत होते. फासळ्या बघितल्या, जोड बघितले. मग म्हणाले, "चॅन्सल कधी आणताय?"

निघताना बाईंनी मला गेटपाशी गाठलं. "पुढच्या वेळी अजून चुका करा," त्या कुजबुजल्या. "प्लीज. काहीही. तुम्हाला जमेल ना?"

आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाईक माझ्या गुणांची कदर करत होतं.

त्यानंतर आम्ही बऱ्याच शनिवारी गेलो. टॉवर एक केला, बुटका, वर लाकडी टोपी. यूचं झाड केलं, पोकळ. बाईंच्या सांगण्यावरून मी मुद्दाम चुकाही केल्या. एकदा टॉवरवरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कोंबड्याऐवजी ससाणा बसवला. म्हातारबुवांनी एक नजर टाकली, खुर्चीतून हललेही नाहीत. "ही तुम्ही मुद्दाम केलीय," ते म्हणाले. "मी शाळामास्तर होतो. कोणता मुलगा खरा मठ्ठ आणि कोणता सोंग घेतोय हे मला कळतं. खऱ्या चुका आणा."

चाचा म्हणाले, "त्येची काळजी नको. माल भरपूर हाय."

खुर्चीपासून टेबलापर्यंत ते यायला लागले होते, टेबलाभोवती फिरायलाही लागले होते. पण व्हरांड्याच्या पायऱ्या उतरायची गोष्ट काढली की पुन्हा तोच प्रश्न: कुठे जायला? बाई म्हणायच्या, पायऱ्या जमल्याशिवाय विमान नाही. आणि वसंत जवळ येत चालला होता.

तेवढ्यात चॅन्सल तयार झालं. ते करताना मी प्रामाणिकपणे विचार केला होता, शपथेवर सांगतो. चॅन्सल म्हणजे वेदीची जागा, पाद्र्याची जागा. आमच्या वसईच्या देवळात सगळ्यात भव्य काय असतं? वेदी. सोनेरी, छतापर्यंत. खांब, कोनाडे, देवदूत. मी चाचांना म्हटलं, नाव गावाची, पण हे देवाचं घर, इथे हात आखडता घ्यायचा नाही. चाचांनी घेतला नाही. सोनेरी रंगाचा अख्खा डबा संपला.

अल ऐनला पोचल्यावर लक्षात आलं की ते पूर्ण चर्चपेक्षा मोठं झालंय. आणि बाईंच्या गेटमधून ते आत जात नव्हतं. उभं नाही, आडवं नाही, तिरपं नाही. मी एका बाजूने, चाचा दुसऱ्या बाजूने, भर रस्त्यात एक सोनेरी वेदी अडकलेली, आणि शेजारचे अरब आजोबा घराबाहेर येऊन "हबीबी, काय चाललंय" अशा अर्थाचं काहीतरी विचारतायत.

"काय झालं?" व्हरांड्यातून आवाज आला.

"सर, चॅन्सल आत येत नाही!"

"का?"

"मोठं झालं!"

"किती मोठं?"

"सर," मी खरं तेच सांगितलं, "हे तुम्हाला येऊन बघावंच लागेल."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काठीचा. मग बराच वेळ काही नाही. या वेळी मी स्वतःच स्वतःचं तोंड हाताने दाबून धरलं होतं. पायरीवर काठी टेकली. एक पायरी. दुसरी. बाई मागे होत्या, हात पुढे केलेले, पण न लावता. बागेतून, गेटमधून, चॅन्सल आणि गेटचा खांब यांच्यातल्या फटीतून अंग चोरून म्हातारबुवा रस्त्यावर आले. सोनेरी खांब पाहिले. देवदूत मोजल्यासारखे पाहिले. पूर्ण चक्कर मारली, पिकअपच्या मागून फिरून. आणि मग ते हसू लागले. काठीवर दोन्ही हात टेकून, खांदे हलवत, आवाज न करता. मला पहिल्यांदा कळलं की बाईंचं ते पायरीवर बसून रडून रडून हसणं कोणाकडून आलं होतं.

"आमचा पाद्री," शेवटी ते म्हणाले, "हे पाहून धर्म बदलेल."

ते चॅन्सल आम्ही परत नेलं. आता ते आमच्या करामाच्या बाल्कनीत आहे. ख्रिसमसला त्यात गव्हाणीचा देखावा मांडतो, वर्षभर बायको त्याच्या देवदूतांवर मोजे वाळत घालते.

वसंतात एक दिवस वर्कशॉपमध्ये माझ्या मोबाईलवर इंग्लंडहून फोटो आला. कशाचा ते पहिल्यांदा कळेना. नुसती जुनी लाकडं, काळपट, एकेक फासळी कडेला वाकून वर चढत गेलेली, आणि कोपऱ्यात एक सुरकुतलेला, गोरा अंगठा. संध्याकाळी लेकीला दाखवला.

"पप्पा, इट्स अपसाइड डाऊन," ती म्हणाली आणि माझ्या हातातून मोबाईल घेऊन सरळ करायला लागली.

"राहू दे तसाच," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो चाचांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, मोबाईल लांब धरला, जवळ आणला. बराच वेळ जोड न्याहाळले.

"लाकूड जुना हाय," ते म्हणाले. "पन होडी बरी बांधलीय. कोनाची?"

"गावाची," मी म्हटलं.